रविवारी पडणारा फोन

रविवार, ३ नोव्हेंबर

मी फोन ठेवला नाही! हे आधी लिहून ठेवते, कारण या घरात ऐकून घ्यायला दुसरं कुणी नाही.

लेक बोलत होती. आधी नेहमीचंच – नातवाचा पडलेला दात, शाळेतली बाई, थंडी. मागे आतल्या खोलीत जावयाची मॅच इतकी कोकलत होती की मी म्हटलं, तुझ्या घरात बाजार भरलाय का. ती हसली नाही. म्हणाली, "आई, एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस. पूर्ण ऐकून घे."

मी गप्प बसले. खरोखर गप्प – श्वाससुद्धा जपून. तिनं सुरुवात केली, "गेले काही महिने मी –" आणि संगणकावरची फोनची खिडकी नाहीशी झाली. ना आवाज, ना सूचना. समोर नुसता निळा पडदा.

लगेच परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग निरोप आला : "तुला ऐकायचंच नसेल तर राहू दे. फोन आपटायची गरज नव्हती."

मी लिहिलं, प्रोग्राम बंद पडला. तिनं लिहिलं, "बरा माझ्याच वाक्याला पडतो. मागच्या रविवारीही."

मागच्या रविवारीही पडला होता, हे खरं आहे. पण मी आपटणारी बाई नाही. मला फोन ठेवायचा असेल तर मी सांगते आणि ठेवते.

सोमवार, ४ नोव्हेंबर

रुसून बसण्यात अर्थ नाही. कारण शोधायचं.

तीस वर्षं विमा कंपनीच्या संगणक विभागात काढली, ती काय फुकट? गणिताची पदवी घेऊन गेले तेव्हा यंत्र एका दालनाएवढं होतं आणि आम्ही त्याच्यापुढे स्वेटर घालून बसायचो. तिथं एकच शिकवण होती : एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते लिहा. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला आमचे साहेब दाराबाहेर उभं करत.

तर :
फोनचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. चालू होतो. बोलून पाहिलं तर बोलतो.
इंटरनेट तपासलं. ठीक.
महिन्याभरात नवीन काय झालं? एक मोठं अपडेट आलं होतं, संगणकाच्या मूळ प्रणालीचं. तेव्हापासूनच हे सुरू झालंय असा संशय आहे. सिद्ध नाही.

मोबाईलवर बोल की, असं कुणीही म्हणेल. माझा डावा कान केव्हाच गेला. मोबाईलवर लेकीचा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा येतो. म्हणून तर तिनंच एकसारखे दोन संगणक आणि दोन हेडफोन घेतले – एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आमचे हे गेले त्या वर्षी. माईक असा भारी की आजूबाजूची बारीक खुडबुड गाळून टाकतो आणि नुसता बोलणाऱ्याचा आवाज पुढे पाठवतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

फोनच्या प्रोग्रामवाल्यांच्या मदतकेंद्राला सकाळी लावला. पलीकडे एक शांत, जाड आवाजाचे गृहस्थ. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध – बंद करून चालू करा. मी त्यांचं नाव रीस्टार्टराव ठेवलं आहे. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मग ते म्हणाले, आता आपण बोलून बघू. बराच वेळ बोललो. मध्ये मी मुद्दाम काहीच बोलले नाही, ते एकटेच मला बटणांची माहिती देत राहिले. पडला नाही!

त्यांनी मोठ्या आदबीनं विचारलं, मॅडम, तुमच्याकडून चुकून लाल बटण दाबलं जातंय का?

मी म्हटलं, मी बटणं दाबायला लागले तेव्हा तुमच्याकडे लाल बटण जन्मलं नव्हतं. बिचारे हसले. मला हसू आलं नाही. लेकीलाही हेच वाटतंय, फक्त "चुकून" हा शब्द सोडून.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लेकीचा निरोप नाही. मीही पाठवला नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

तिनं लावला. मी घाईघाईनं सांगायला गेले की दोष कुठे आहे ते शोधते आहे, तर म्हणाली, "आई, तू आधी माझं ऐक." ऐकायला बसले. दोन वाक्यं झाली – ती कामाची जागा बदलते आहे म्हणे. मी विचारणार होते का, कशासाठी. म्हटलं नको, आधी ऐकू. ऐकता ऐकता खिडकी गेली.

या वेळी निरोपही आला नाही.

ह्यांच्या खुर्चीकडे बघून मी मोठ्यानं बोलले, "पाहिलंत?" हे असते तर म्हणाले असते, तू तिला चारदा फोन कर आणि माफी माग. कशाची माफी? चूक यंत्राची!

पण मला वाटतं, तिला काय सांगायचंय ते मला माहीत आहे. हे घर विकून तिकडे चल, असं असणार. म्हणून तर सारखी कचरते. विचारायला कचरते आणि वर मी फोन आपटते असं धरून चालते. विचारू तर दे. नाही म्हणायला मला पूर्ण वाक्य तरी मिळू दे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मोठी प्रगती. प्रोग्राम पडला की संगणक स्वतःच एक अहवाल लिहून ठेवतो – कुठल्या क्षणी, कशात पडला. तो कुठे ठेवतो ते शोधण्यात सकाळ गेली. दूध उतू गेलं. अहवाल सापडले. रविवारचे सगळे आहेत आणि सगळे एकाच जागी बोट दाखवतात : फोनच्या प्रोग्रामात नव्हे, प्रणालीच्या आवाजाच्या लायब्ररीत.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. इमारतीला पाण्याची एकच टाकी असते आणि सगळ्यांच्या नळाला तेच पाणी येतं, तसं. आवाज घेणं, मोजणं, पाठवणं हे काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत नाही, त्या सामायिक टाकीतून घेतो. टाकीत मेलेलं कबूतर असेल तर नळ बदलून काय उपयोग? मी आठवडाभर नळ बदलते आहे.

लायब्ररीची तारीख पाहिली. अपडेटच्या दिवशीचीच.

ही बातमी कुणाला तरी सांगावी असं फार वाटलं. खाली शिवणकाम करणारी राहते, तिला जिन्यात गाठून सांगितली. ती म्हणाली, "ताई, कबूतर कुठल्या टाकीत?"

बुधवार, १३ नोव्हेंबर

रीस्टार्टरावांना टाकीचं सगळं समजावलं. आता दार प्रणालीवाल्यांचं ठोठावायला हवं, हे त्यांनी मान्य केलं. स्वतःच त्यांच्याशी जोडून दिलं, हा भला माणूस. तिकडच्या बाई म्हणाल्या, अहवाल पाठवा, पण दोष आमच्यासमोर घडवून दाखवता येईल का? घडवून दाखवायला गेले. आवाज रेकॉर्ड करायचा साधा प्रोग्राम चालवला. तोही त्याच टाकीवरचा, पडायला हवा. पडला नाही.

रविवारी पडतो, बुधवारी नाही. हा काय उपास करतो का वार बघून!

शनिवार, १६ नोव्हेंबर

सापडलं.

सकाळपासून रेकॉर्डिंग चालू ठेवून मी भाजी निवडत बसले होते. खालून शिवणयंत्राची घरघर. आठवडाभर ती असतेच, मला आता ऐकूही येत नाही; जमिनीतून पायाला कळते. जेवायच्या वेळेला ती थांबली – आणि थांबताक्षणी रेकॉर्डिंगचा प्रोग्राम गेला.

भाजी तशीच टाकून खाली गेले. म्हटलं, मशीन चालू कर. तिनं विचारलं, "कपडा न घालता?" म्हटलं, घालू नकोस. वर येऊन प्रोग्राम लावला. पडला नाही. पायानं जमिनीवर ठोकलं, म्हणजे थांबव. तिनं थांबवलं. पडला! पुन्हा चालू. टिकला. पुन्हा ठोकलं. पडला. अख्खी दुपार आम्ही दोघी हेच. शेवटी ती वर आली आणि दारातून म्हणाली, "ताई, बरं आहे ना सगळं?"

मी तिला चहा दिला. इतकं छान वाटत होतं की साखर दोनदा घातली.

म्हणजे असं – माईक बारीक आवाज गाळून टाकतो. खोलीत काहीच आवाज नसला आणि मीही बोलत नसले, की लायब्ररीच्या हाती पूर्ण शून्य येतं. शून्य आलं की ती कोसळते. रविवारी शिवणयंत्र बंद. थंडीमुळे माझ्या खिडक्या बंद, पंखा बंद. आणि मी बोलत असेपर्यंत ठीक, पण लेकीचं ऐकायला गप्प बसले की पडतो.

मी जितकं नीट ऐकते तितका लवकर पडतो.

रविवार, १७ नोव्हेंबर

कारण कळलं तरी उपाय व्हायचा आहे. तोवर युक्ती करावी म्हटलं. ती बोलत असताना आपण तोंडातून आवाज काढत राहायचा, म्हणजे शून्य येणार नाही. गुणगुणणं काही मला जमत नाही, म्हणून हुंकार द्यायचं ठरवलं.

फोन आला. ती बोलली, मी "हं." ती बोलली, मी "हं. हं. हंऽ." खिडकी जागची हलली नाही! मी मनातून खूश. जरा वेळानं ती थांबली आणि म्हणाली, "आई, तू काय करते आहेस?" म्हटलं, ऐकते आहे, हं. म्हणाली, "मी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं ठरवते आणि तू माझी थट्टा करतेस."

मी शून्याचं समजावायला घेतलं. तिकडे नातू धाडधाड चेंडू आपटत होता, तिला निम्मं ऐकूच गेलं नसणार. "बरं, बरं," म्हणाली. "पुढच्या रविवारी बोलू."

फोन तिनं ठेवला. सांगून ठेवला, हे मान्य.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रणालीवाल्या बाईंचा फोन. शनिवारचा प्रयोग मी सविस्तर लिहून पाठवला होता, त्यांनी तो करून पाहिला. माझं बरोबर निघालं! खोलीच्या आवाजाची सरासरी काढून तिनं कशाला तरी भागायचं, असं नव्या लायब्ररीत कुणीतरी लिहिलंय. सरासरीच शून्य आली तर काय, याचा विचार केलेला नाही. शून्यानं भागाकार! आमच्या वेळी पहिल्या आठवड्यात कान धरून शिकवायचे.

बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे काम करत होता? सांगितलं. म्हणाल्या, अहवाल आमच्या माणसांपेक्षा बरा लिहिला आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी विचारलं, लाखो लोकांकडे हीच लायब्ररी असेल, मग आरडाओरड का नाही? माझ्या लेकीकडे तर हाच संगणक, हाच हेडफोन, तेच अपडेट. तिच्याकडे पडत नाही.

त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरात माणसं असतील ना. टीव्ही असेल, मूल असेल. थोडा आवाज गाळणीतून निसटतोच. त्यामुळे शून्य कधी येतच नाही." आणि सहजच, "एवढं शांत घर फारसं कुणाचं नसतं, मॅडम."

मी म्हटलं, हो.

बुधवार, २० नोव्हेंबर

एवढं शांत घर.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दुरुस्त लायब्ररी सगळ्यांना मिळायला महिना-दीड महिना लागेल म्हणे. तोवर बाईंनी मला जुनी पाठवली, अपडेटच्या आधीची. कशी बसवायची ते सांगितलं, मी बसवली. रेकॉर्डिंग लावून मध्ये हेडफोन ठेवला आणि स्वतः पलीकडच्या खुर्चीत हात बांधून बसले. शिवणारी गावाला गेली आहे, खालीही चिडीचूप. बराच वेळ तशीच बसले. पडला नाही.

प्रोग्राम टिकला म्हणून उठायला हवं होतं. तरी थोडा वेळ बसूनच राहिले.

रविवार, २४ नोव्हेंबर

लावला आणि आधी सगळी हकीगत सांगितली – टाकी, कबूतर, शिवणारी, शून्य. लेक हसली. किती दिवसांनी! म्हणाली, "म्हणजे तू खरंच ठेवला नव्हतास?" मी म्हटलं, मी तीन आठवडे तेच सांगते आहे. म्हणाली, "तू सांगतेस तेव्हा ना, आई, ते ओरडल्यासारखं वाटतं."

गप्प बसून पाहिलं. खिडकी जागेवर.

मग विचारलं, त्या दिवशी काय सांगत होतीस? गेले काही महिने, काय?

नातू मध्ये मध्ये येत होता, त्याला कुठल्याशा प्राण्याची शेपटी चिकटवून हवी होती. ती त्याच्याशी बोलली, मग माझ्याशी, "राहू दे गं. तेव्हा सांगायचं होतं. आता तसं काही नाही." मी म्हटलं, घराचं असेल तर स्पष्ट विचार. तिला कळलंच नाही. "कुठल्या घराचं?" म्हणाली.

मी फोन आपटत नाही हे सिद्ध झालं. वाक्य मात्र राहून गेलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोन आठवडे कडक काही खायचं नाही. बोलायलाही कमी सांगितलंय. म्हटलं, कुणाशी?

रविवार, १ डिसेंबर

लेक आज बोलायला उत्साही नव्हती, म्हणून मीच बोलले. खूप बोलले. ह्यांचे कोट अजून कपाटात आहेत ते सांगितलं. काढायला घेते आणि परत ठेवते, हेही. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. "हं"सुद्धा नाही, पण ऐकत होती, ते कळतं. आणि आवाज किती स्वच्छ! तिच्याकडचं एरवीचं काहीही मध्ये नाही, नुसती ती. जुनी लायब्ररी ती जुनीच, नव्यांनी शिकावं.

मी कोटांच्या खिशांपर्यंत आले होते, तेवढ्यात जोडणी तुटली.

पण या वेळी माझी खिडकी गेली नाही! समोर तशीच उघडी, आणि तिच्यावर ओळ : दुसऱ्या बाजूची जोडणी तुटली. माझ्याकडे अहवाल नाही, काही नाही. मी स्वच्छ. तोच लेकीचा निरोप आला : "आई, मी ठेवला नाही!! खिडकीच नाहीशी झाली, शपथ."

म्हणजे तिच्याकडचीही लायब्ररी पडली! मी लगेच बाईंना लिहिलं – दुसऱ्या संगणकावरही तोच दोष घडला, तेच लक्षण, खिडकी नाहीशी. माझा निष्कर्ष पक्का झाला. दोन ठिकाणचा पुरावा. लेकीला लिहिलं, काळजी करू नकोस, तुझ्यावर विश्वास आहे माझा, जुनी लायब्ररी तुलाही पाठवते.

फार दिवसांनी भूक लागली. जेवले.

सोमवार, २ डिसेंबर

चहा गाळताना हातच थांबला.

शून्य आल्याशिवाय ती पडत नाही. रविवारी, तिच्याकडच्या भर दुपारी, जेवणाच्या वेळेला – मॅच नाही, चेंडू नाही, कुणाचं ताट नाही. मी इतका वेळ बोलत होते आणि त्या अख्ख्या घरात तिच्या श्वासाखेरीज काही नव्हतं.

जावई आता तिथं राहत नाही. कालच्या रविवारी पोरही त्याच्याकडेच असणार. "गेले काही महिने मी –" ते वाक्य हेच होतं.

आज फोनचा वार नाही. लावते आहे. तिनं बोलावं, हवा तेवढा वेळ. माझ्याकडे आता गप्प बसलं तरी काही पडत नाही.